लुईजबाईंची वही

आमच्या घरात कांदा-लसूण नाही, त्यामुळं आमटीची सगळी मदार हिंगावर. रिफायनरीचं बांधकाम चालू होतं तेव्हा सासरे सांगलीकडून कोयलीला आले. १९६५ साली कारखाना सुरू झाला, आम्ही इथलेच झालो, पण स्वयंपाकाचं वळण गावाकडचं राहिलं. थोरल्या जाऊबाईंच्या आमटीत हिंग दुप्पट पडायला लागला तेव्हा आम्ही सगळे हसलो. "अगं, मला वासच येईना," त्या म्हणायच्या. सर्दी असेल, असं आम्ही म्हणायचो. डोकंही दुखायचं, पण त्याला उपासाचं कारण तयार होतं. दशलक्षणात त्यांनी दहा दिवस उपास धरले तेव्हा एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं : उपास कमी करा. अशी दोन वर्षं गेली. मग एमआरआय काढला. नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली, लिंबाएवढी गाठ.

वडोदऱ्याला ऑपरेशन झालं, गाठ निघाली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात, तर सर्जन म्हणाले, "पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येऊ द्या." त्या आठ दिवसांत मी मिळेल ते वाचत सुटले, आणि त्या वाचनात मला लुईजबाई भेटल्या.

या गाठीला 'मेनिंजिओमा' हे नाव १९२२ साली अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी दिलं. त्याआधी प्रत्येक पंडिताचं नाव वेगळं. जर्मनीच्या फिरशो यांना सूक्ष्मदर्शकाखाली वाळूसारखे कण दिसले, म्हणून त्यांनी वाळूवरूनच नाव ठेवलं. कुशिंग म्हणाले, भांडण नको. ही गाठ मेंदूची नव्हे, मेंदूवरच्या आवरणाची आहे, तेच नाव देऊ. ती सावकाश वाढते, मेंदूला बाजूला दाबत जाते. बायकांमध्ये ती पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळते.

पण नावानं सगळं सुटत नाही. लिओनार्ड वुड नावाच्या अमेरिकन सेनाधिकाऱ्याची अशीच गाठ कुशिंगनी १९१० साली काढली. माणूस ठणठणीत झाला, पुढं फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला. गाठ मात्र परत वाढली, आणि १९२७मध्ये पुन्हा ऑपरेशन केल्यावर तो वारला. कुणाची गाठ परत येईल आणि कुणाची नाही, हे आधी कसं ओळखायचं?

त्यासाठी रोगी घरी गेल्यावरही त्याचा माग ठेवणारं कुणीतरी हवं. लुईज आयझेनहार्ट १९१५ साली कुशिंगकडे लेखन-संपादनाच्या मदतनीस म्हणून लागल्या. गाठींच्या नोंदी ठेवता ठेवता त्यांनी ठरवलं की आपणच डॉक्टर व्हायचं. १९२५ साली टफ्ट्‌समधून पदवी घेऊन त्या कुशिंगकडेच परतल्या, आता सूक्ष्मदर्शकापुढं. ऑपरेशन चालू असताना ताज्या तुकड्याला रंग देऊन निदान सांगायचं, हे त्यांचं काम. आणि त्यांची एक छोटी वही असायची : रोगी, गाठ, ऑपरेशन, पुढं काय झालं. त्या नोंदींच्या बळावर १९३८ साली दोघांच्या नावानं मेनिंजिओमावरचा ग्रंथ आला, तीनशेहून जास्त रोग्यांचा. वास जाणाऱ्या, नाकावरच्या गाठीचंही त्यात प्रकरण आहे. बाई पुढं 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी'च्या पहिल्या संपादक झाल्या, १९४४ ते १९६५. तरी नाव घेतलं जातं ते कुशिंगचंच. हिशोब ठेवणाऱ्या बाईचं असंच होतं, आपल्या घरातसुद्धा.

आजची प्रतवारी त्यांच्यानंतरची. जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींचं पहिलं वर्गीकरण १९७९मध्ये काढलं, आणि २०००च्या आवृत्तीपासून मोजणीचे आकडे ठरले. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढून जांभळा-गुलाबी रंग देतात. पेशी चकलीसारख्या वेटोळ्यात बसलेल्या दिसल्या की ओळख पटते. मग डॉक्टर सगळ्यात गजबजलेली जागा शोधून, मोठ्या भिंगाखाली ओळीनं दहा क्षेत्रं बघतात आणि दोनात विभागणाऱ्या पेशी मोजतात. चारच्या आत असल्या आणि दुसरं काही वावगं नसलं तर ग्रेड १. चार किंवा जास्त असल्या तर २, वीस किंवा जास्त असल्या तर ३. गाठ मेंदूच्या आत शिरलेली दिसली तर मोजणी कमी असूनही २. २०२१पासून काही जनुकीय बदलही धरतात. ते सापडले तर थेट ३. बहुतेक गाठी पहिल्याच ग्रेडच्या निघतात.

आमचा घोटाळा इथंच झाला. रिपोर्टवर 'ग्रेड १' होतं आणि सर्जनच्या कागदावर 'सिम्प्सन ग्रेड २'. भाऊजींच्या हातातला कागद थरथरायला लागला. एका रात्रीत एकचं दोन कसं झालं? कुणी म्हणालं, म्हणजे कॅन्सरची दुसरी स्टेज. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सकाळी कळलं की हे दोन वेगळे हिशोब आहेत. सिम्प्सन यांनी १९५७ साली गाठ किती निघाली याची प्रत लावली. त्यातलं २ म्हणजे दिसणारी गाठ सगळी काढली आणि आवरणावरची तिची मुळाची जागा जाळली. पॅथॉलॉजीचा ग्रेड गाठीचा स्वभाव सांगतो, सिम्प्सनचा ग्रेड सर्जनचं काम सांगतो. आणि स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरला ते, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. हे आदल्या दिवशी दोन मिनिटांत कुणी सांगितलं असतं तर!

पुढं दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलो, तर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती मेणाचा ठोकळा आणि काचा. आम्ही फक्त रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, मागितला की मिळतो, हे आम्हाला कुठं माहीत! परत जाऊन आणला. नव्या डॉक्टरांनी स्वतः मोजलं, तेव्हाही १च आला.

त्या दिवशी येताना मी दोनशे पानी वही घेतली. दर एमआरआयची तारीख, डॉक्टरांचे शब्द, जाऊबाईंची तक्रार, सगळं त्यात लिहिते. चौथ्या वर्षाची नोंद अशी आहे : गाठ नाही. डोकं दुखत नाही. वास अजून येत नाही. हिंग मी टाकते.