बंदराआधीचं ताट

न्हावा शेवा म्हटलं की आज कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगा आठवतात. बंदराआधी इथली पोरं काय खाऊन वाढली, ते आम्ही गटातल्या बाया आज सांगणार आहोत.

उरण-पनवेल पट्ट्यात खाडीला बांध घालून खारशेती व्हायची. काळा राता, भुरा राता ही भातं खारं पाणी सोसायची. त्या तांदळाची भाकरी आणि पेज, खाडीतले निवटे, कोळंबी, चिंबोऱ्या, परसातला शेवगा, आणि पावसाळ्यासाठी वाळवलेला जवळा. दूध कमी असलं तरी कवचासकट खाल्लेल्या जवळ्यातून मुलांना कॅल्शियम आणि प्रथिनं मिळायची.

जुनं ते सगळं सोनं असं नाही. तेव्हा गोवराने, जुलाबाने लेकरं दगावायची. लस आणि दवाखाना ही नव्या काळाची देणगी आहे.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी जाऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. गेलेली जमीन आणि मासळी अशी पैशात मोजली गेली. पण घरचं अन्न विकतचं झालं आणि पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा आला, ते कोण मोजणार?

खाडी पूर्वीसारखी नसली तरी रीत आपल्या हातात आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. मग अंगावरच्या दुधासोबत मऊ वरणभात, शेवग्याचा पाला, नाचणीचं सत्त्व. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तांदळात अगदी थोडं. बिनमिठाचा जवळा निवडून, धुऊन, वाळवून, भाजून बारीक पूड करा आणि चिमूटभर भातात कालवा. पहिल्यांदा अगदी थोडी द्या. पुरळ उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर नको. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन करा.

आणि एक काम: पुढच्या बैठकीला येताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून बाळाच्या खाण्याचा एक जुना पदार्थ वहीत लिहून आणा. ती माहिती फक्त त्यांच्याकडेच आहे.