तळटीप : मलकापूरच्या उताऱ्याच्या प्रती

४. ‘मलकापूरचा उतारा मोबाइलवर आला’ : हे मलकापूर बुलढाणा जिल्ह्यातले; कराडजवळचे किंवा शाहूवाडीतले नव्हे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात (जमिनीवरचे हक्क) आणि बारा (पिकांची नोंद) यांचा एकत्र उतारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. तलाठ्याच्या दप्तराला वाळवीचे भय होते. संगणकाची डिस्कही कधी ना कधी बंद पडतेच. म्हणून मोठ्या साठवण व्यवस्थांत एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. गूगलने २००३ मध्ये मांडलेल्या रचनेत फाइलच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती असत. एक यंत्र गेले की उरलेल्यांवरून नवी प्रत तयार होई. खरी कसोटी फेरफाराची. खरेदीखताची नोंद एका प्रतीत चढली आणि दुसरीत राहिली, तर एकाच गटाला दोन मालक दिसतील. म्हणून अनेक व्यवस्थांत तीनपैकी किमान दोन यंत्रांनी नोंद पक्की केल्याशिवाय ती मान्य होत नाही. मागे राहिलेली प्रत नंतर बरोबरीला आणतात. पीककर्जासाठी हा उतारा पाहतात आणि वारसांची नोंदही त्यावर चढते, म्हणून ही दक्षता शेतकऱ्याच्या हक्काचाच भाग मानली पाहिजे. – संपा.