घाटमाथ्याची शेती आणि घाटातील रस्ते : कोल्हापूर व महाबळेश्वर

डोंगरी प्रदेशाचे वर्णन करताना उंचीचा आकडा प्रथम दिला जातो आणि शेती, वस्ती व दळणवळण ही त्या आकड्याची फळे मानली जातात. सह्याद्रीच्या बाबतीत हे गृहीतक पुरते टिकत नाही. कोल्हापूरचा पश्चिम भाग आणि महाबळेश्वरचे पठार यांची तुलना केली असता, उंचीइतकेच रस्त्याचे प्रयोजनही डोंगराच्या शेतीला वळण देते, असे आढळून येते.

दोन्ही प्रदेशांचा पाया एकच आहे. खाली काळा पाषाण, माथ्यावर जांभा आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा मुसळधार पाऊस. गगनबावडा व महाबळेश्वर या दोन्ही ठिकाणी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भेद आहे तो उंचीचा. महाबळेश्वरची वस्ती सुमारे १,३७० मीटरांवर आहे, तर गगनगड सुमारे ७०० मीटरांवर. कोल्हापूर शहरच सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने पूर्वेकडून येणाऱ्यास घाटमाथा फारसा चढावा लागत नाही. डोंगराची खरी जाणीव होते ती पश्चिमेकडे, कोकणात उतरताना. कोल्हापूरचा सह्याद्री हा शिखरांपेक्षा कड्याचा प्रदेश आहे.

या कड्यावरील वाटा प्राचीन आहेत. आंबा, अणुस्कुरा, बावडा व फोंडा या घाटांनी देश हा राजापूर, खारेपाटण यांसारख्या बंदरांशी जोडला गेला होता. खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात परदेशांतून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णरूपी कराचा उल्लेख आहे. बैलांच्या पाठीवरून मीठ व नारळ वर येत, धान्य व गूळ खाली जात. या वाटांवर नजर ठेवण्याचे महत्त्व कोल्हापूर राज्याच्या रचनेतही दिसते. विशाळगड प्रतिनिधींकडे व बावडा अमात्यांकडे, अशा दोन प्रमुख जहागिरी घाटांच्या तोंडाशीच होत्या. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त गडाची वाट सुगम असू नये, असल्यास ती मोडून झाडी वाढवावी व दुसरीकडून अवघड वाट काढावी, असा उपदेश आहे. व्यापाराला सुगम घाट हवा होता, संरक्षणाला दुर्गम गड हवा होता. या दोहोंत घाटमाथ्याच्या शेतकऱ्याच्या गरजेला स्थान नव्हते. तो उतारावरील झाडी तोडून, जाळून कुमरी पद्धतीने नाचणी व वरी पिकवीत असे, आणि दऱ्यांच्या तळाशी भात लावीत असे.

महाबळेश्वरचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र जुनेच, पण १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने तेथे आरोग्यस्थान वसले. मग वाईकडून पाचगणीमार्गे रस्ता चढला तो डोंगर ओलांडण्यासाठी नव्हे, डोंगरावर पोहोचण्यासाठी. हवापालटासाठी येणाऱ्यांबरोबर बाजारपेठही माथ्यावर आली, आणि बटाटे, युरोपीय भाजीपाला व पुढे स्ट्रॉबेरी यांना तेथेच गिऱ्हाईक मिळाले. थंड हवेचा वाटा यात निःसंशय मोठा आहे, तथापि थंडी पीक देते, मोल देते ती मागणी.

उंचीची मर्यादा पन्हाळ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सुमारे ९५० मीटर उंचीच्या या परिसरात राजर्षी शाहू महाराजांनी चहाच्या लागवडीचा प्रयोग केला. तो निलगिरीसारखा रुजला नाही. निलगिरीवर दोन्ही मोसमांचा पाऊस पडतो, तर पन्हाळ्यावर चार महिने धो धो पाऊस आणि मग दीर्घ कोरडा काळ. येथे उंचीपेक्षा पावसाची वाटणी निर्णायक ठरली असावी.

शाहू महाराजांच्या दुसऱ्या योजनेचे फळ मात्र दूरगामी ठरले. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम १९०८ च्या सुमारास सुरू झाले, १९१८ मध्ये थांबले आणि स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झाले. घाटमाथ्याचे पाणी पूर्वेच्या मळ्यांत गेले, ऊस वाढला. १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज लोहमार्ग सुरू झाला होता आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली होती, त्यामुळे गुळाच्या व्यापाराचे तोंड पूर्वेकडे वळले. घाटांचे जुने महत्त्व ओसरले. पुढे त्याच घाटांतून मोटारींचे रस्ते झाले, पण तेही माथा ओलांडणारेच. माथ्यावरची गावे त्यांच्या वाटेवर आली, मुक्कामावर नव्हे.

यावरून असे म्हणता येईल की, महाबळेश्वरचा रस्ता डोंगराला बाजार देऊन गेला, आणि कोल्हापूरचे रस्ते डोंगरावरून बाजार पुढे घेऊन गेले. पाणी, वाट व पाऊस या तिन्ही गोष्टी कोल्हापूरच्या डोंगराने पुरविल्या, आणि त्यांची समृद्धी मुख्यतः सपाटीवर साठली. डोंगरी शेतीचा मागासलेपणा निसर्गाच्या माथी मारण्यापूर्वी ही ऐतिहासिक वाटणी अभ्यासकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.