परवाना आणि पाटी
जपानमधील फॅमिली डॉक्टर आणि परदेशी पात्रतांची मान्यता : प्रस्तावना

जपानचे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, सिंगापूर अशा मोजक्या देशांशी वैद्यकीय परवान्याबाबत करार आहेत. त्यांच्या आधारे तिथल्या थोड्या डॉक्टरांना इंग्रजीतून परीक्षा देऊन जपानमध्ये दवाखाना चालवता येतो. मूळ अट मात्र अशी की त्यांनी आपापल्या देशाच्या नागरिकांनाच तपासायचे. म्हणजे टोकियोतल्या ब्रिटिश डॉक्टरने ब्रिटिश पेशंटचा रक्तदाब पाहावा. शेजारची जपानी आजी त्याच्याकडे आली तर तिला दुसरीकडे पाठवावे. पुढे विशेष आर्थिक क्षेत्रांत इतर परदेशी पेशंटपुरती ही अट सैल झाली.

आता त्याच शहरातले दुसरे उदाहरण पाहा. रोप्पोंगी भागात डॉ. युजीन अक्सेनॉफ यांनी अनेक दशके दवाखाना चालवला. त्यांचा जन्म १९२४ साली मांचुरियातल्या हार्बिनमध्ये, रशियन स्थलांतरितांच्या घरात झाला. १९४३ मध्ये ते जपानला आले, टोकियोच्या जिकेई वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि जपानी परवाना मिळवून डॉक्टर झाले. कितीतरी वर्षे त्यांच्याकडे कुठल्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. पण परवाना जपानी असल्याने ते कोणालाही तपासू शकत. देश असलेल्या डॉक्टरला पेशंटचा पासपोर्ट पाहावा लागतो आणि देश नसलेल्याला सगळी दारे उघडी, हा विरोधाभास नीट समजला की या विषयाचा उंबरठा ओलांडला असे समजायला हरकत नाही.

नव्या वाचकाचे स्वागत करताना पहिली विनंती ही की पदवी, परवाना आणि विशेषज्ञता यांची गल्लत करू नये. पदवी महाविद्यालय देते, परवाना सरकार देते, आणि ‘हा तयार फॅमिली डॉक्टर आहे’ असे बहुधा व्यवसायातल्याच संस्था म्हणतात. यातल्या एकाची मान्यता दुसऱ्याला लागू पडत नाही. मराठी वाचकाला हे नवे वाटायला नको. भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, पण परीक्षांसाठी त्यांना स्कॉटलंड गाठावे लागले आणि एम.डी. मिळाली ती ब्रुसेल्सची. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा कारण दिले गेले ते बाळंतपणाच्या अपुऱ्या प्रशिक्षणाचे. त्या वादातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. बाहेरच्याने मान्यता नाकारली की घरात संस्था उभ्या राहतात. जपानमध्येही असे घडले आहे; त्याकडे पुढे येतो.

जपानची खरी अडचण परदेशी डॉक्टरांशी सुरू होत नाही, ती घरातच सुरू होते. १९४८ च्या कायद्यानंतर तिथे परवानाधारक डॉक्टर भूलशास्त्राचा अपवाद सोडला तर जवळपास कोणत्याही शाखेची पाटी लावू शकतो. १९६१ पासून आरोग्यविमा सर्वांना आहे आणि पेशंटला कुठल्याही दवाखान्यात थेट जाता येते. त्यामुळे मोठ्या रुग्णालयात पोटाच्या किंवा हृदयाच्या विकारांत वीस-पंचवीस वर्षे घालवलेला डॉक्टर स्वतःचा दवाखाना काढतो आणि तोच गल्लीचा डॉक्टर होतो. अशी माणसे अनेकदा उत्तम काम करतात. पण ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिसचे स्वतंत्र प्रशिक्षण पूर्ण केलेली डॉक्टर जपानला आली, तर तिची पात्रता कशाशी जुळवायची? एका बाजूला खाच आहे, दुसऱ्या बाजूला खुंटीच नाही.

ती खुंटी घडवायचा प्रयत्न १९८५ मध्ये झाला. आरोग्य मंत्रालयाने फॅमिली डॉक्टर या विषयावर समिती नेमली आणि १९८७ मध्ये तिचा अहवाल आला. जपान मेडिकल असोसिएशनला त्यात ब्रिटिश पद्धतीच्या सरकारी नियंत्रणाचा वास आला. विरोध इतका झाला की विषय बासनात गेला. संघटनेला नुसते आडमुठे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. खाजगी दवाखान्यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत पेशंटची नोंदणी आणि डोईप्रमाणे मोबदला म्हणजे रोजीरोटीचाच प्रश्न होता. मात्र एक पिढी वाया गेली हेही खरे.

त्या काळात ज्यांना हे शास्त्र शिकायचे होते ते बाहेर गेले. डॉ. र्‍यूकी कासाई कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकले, परत आले आणि १९९६ मध्ये होक्काइदोतल्या मुरोरान या कारखान्यांच्या गावात त्यांनी फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण केंद्र उभारले. जपानी माणूस परदेशी प्रशिक्षण घेऊन येतो, परवाना जपानीच, आणि त्या प्रशिक्षणाला सरकारदरबारी नाव नाही, अशी ही उलटी स्थिती होती. पुढे २०१० मध्ये तीन संस्था एकत्र येऊन जपान प्रायमरी केअर असोसिएशन झाली. २०१८ पासून सामान्य वैद्यक ही एकोणिसावी मूलभूत विशेषशाखा म्हणून सुरू झाली आणि २०२० मध्ये या असोसिएशनच्या प्रशिक्षणक्रमाला ‘वोंका’ या फॅमिली डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची मान्यता मिळाली. उत्साही लेखक ही मान्यता जणू व्हिसा असल्यासारखी मांडतात. तिने कोणालाही कुठेही परवाना मिळत नाही. प्रशिक्षणाचा दर्जा इतरांच्या तोडीचा आहे, इतकेच ती सांगते.

परवान्याच्या वाटेवर परदेशी पदवीधराला आधी मंत्रालयाकडून पात्रता तपासून घ्यावी लागते. त्यासाठी जपानी भाषेची सर्वांत वरची परीक्षा आणि जपानीतून पेशंट तपासण्याची चाचणी, आणि शेवटी दोन दिवसांची, चारशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. तिच्यात काही पर्याय ‘निषिद्ध’ असतात, म्हणजे निवडले तर पेशंटच्या जिवावर बेतेल असे. ते जास्त निवडले गेले तर गुण कितीही असोत, उमेदवार नापास.

भाषेची अट हा धंदा राखण्याचा डाव आहे, असे टीकाकार म्हणतात. आर्थिक करारांतून २००८ नंतर इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनामहून आलेल्या परिचारिकांनाही परीक्षा जपानीतूनच द्यावी लागली. बऱ्याच ओरडीनंतर चित्रलिपीवर उच्चार छापून आणि जादा वेळ देऊन ती सुसह्य केली गेली. टीकेत तथ्य आहे, पण अर्धेच. २००० साली वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आला आणि नेहमीच्या डॉक्टरने अभिप्रायाचा फॉर्म भरायचा नियम झाला. म्हातारी स्वतः उठून बसते का, काल काय घडले ते तिला आठवते का, घास गिळता येतो का, पुढच्या काही महिन्यांत तब्येत किती ढासळेल, हे त्यात लिहायचे. त्यावरून तिच्या घरी मदतनीस किती येणार ते ठरते. शल्यविशारदाचे कसब बरेचसे भाषेवाचून चालते. फॅमिली डॉक्टरचे निम्मे काम अशा कागदांत आणि सुनेशी होणाऱ्या बोलण्यात असते.

आणीबाणीत मात्र तीच दारे किलकिली झाली. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर मंत्रालयाने परदेशी डॉक्टरांना किमान आवश्यक उपचारांची मुभा दिली आणि मियागी प्रांतातल्या मिनामीसानरिकू गावात इस्रायली पथकाने क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा असा जामानिमा मांडून दवाखाना चालवला. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या वेळी परदेशी मदतीबाबत सरकार अडखळले होते, त्याचा हा धडा.

आता घरात उभ्या राहणाऱ्या संस्थांबद्दल. २०१० मध्ये अमेरिकेत परदेशी वैद्यकीय पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने जाहीर केले की पुढे जागतिक निकषांनी तपासलेल्या महाविद्यालयांचेच पदवीधर आम्ही परीक्षेला घेऊ. अमेरिकेला जाणारे जपानी डॉक्टर ते किती! तरीही जपानची महाविद्यालये खडबडून जागी झाली. २०१५ मध्ये त्यांनी मूल्यांकनासाठी परिषद स्थापली, २०१७ मध्ये तिला जागतिक मान्यता मिळाली आणि विद्यार्थ्यांचे वॉर्डातले तास वाढले. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला तशी मान्यता मिळायला २०२३ उजाडले.

आपणही उदारपणाचा आव आणू नये. परदेशातले पदव्युत्तर शिक्षण भारत थेट मानतो ते अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे. जपान त्या यादीत नाही. ‘परस्पर मान्यता’ म्हणतात त्यातला ‘परस्पर’ हा भाग दोन्ही बाजूंनी रिकामा आहे.

या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला मी टोकियोच्या एदोगावा भागाकडे बोट दाखवीन. तिथल्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरे पुष्कळ. मूल तापले की ती जपानी बालरोगतज्ज्ञाकडे जातात आणि घरी येऊन डोंबिवलीच्या नाहीतर कोथरूडच्या फॅमिली डॉक्टरला त्या औषधांचा फोटो पाठवतात. तो डॉक्टर ‘दोन दिवस वाट बघा’ म्हणतो, आणि ते ऐकले जाते. मार्च २०२० ची भारताची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे देशाबाहेरच्या सल्लामसलतीला लागू नाहीत असे त्यांतच म्हटले आहे. जपानी कायद्याच्या दृष्टीने हा डॉक्टर परवानाधारकच नाही. तरी त्या कुटुंबाचा डॉक्टर कोण, असे विचाराल तर नाव त्याचेच निघेल. अशा सल्ल्याची जबाबदारी कोणाची, चुकला तर दाद कुठे मागायची आणि जपानी डॉक्टरला त्याची कल्पना द्यायची की नाही, यावर मराठीत लिहिले जायला हवे.