दोन चिठ्ठ्या आणि एक घर

कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, ‘उत्पन्नाचे साधन’. आमच्या गटातल्या एका अपंग मैत्रिणीने त्यात निराधार योजनेचे अनुदान लिहिले, तर खिडकीपलीकडच्या साहेबांनी त्यावर रेघ मारली. म्हणाले, “बाई, ही मदत आहे. हे उत्पन्न नव्हे.” ती तिथे काही बोलली नाही. येताना एसटीत मात्र आमचे तेच चालले होते. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा पगाराचा नसला म्हणून काय पैसा नव्हे?

हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी उठला आणि त्याचा निकाल कायद्याने लागला. ती हकीकत आज सांगतो. गोष्ट अपंगांच्या घराची आहे, पण तिची सुरुवात बायकांपासून होते.

१९७० च्या आसपास तिकडे नवराबायको दोघे कमावते असले आणि घरासाठी कर्ज मागायला गेले, तर बँक नवऱ्याचा पगार पुरा धरायची. बायकोचा अर्धा धरायची, नाहीतर धरायचीच नाही. का, तर उद्या हिला मूल होईल आणि ही नोकरी सोडेल. काही ठिकाणी तर डॉक्टरची चिठ्ठी मागत, की या बाईला आता मूल होणार नाही, किंवा ती मूल होऊ न देण्याचे उपाय करते आहे. या चिठ्ठीला नावच पडले होते, ‘बेबी लेटर’. विधवा आणि घटस्फोटितांचे हाल याहून वाईट. आजवरचा सगळा व्यवहार नवऱ्याच्या नावावर, म्हणजे बँकेच्या वहीत ही बाई जन्मालाच आलेली नसायची.

१९७४ साली कर्जातल्या भेदभावाविरुद्ध कायदा करायचे ठरले. तिथल्या संसदेच्या बँकविषयक समितीत लिंडी बॉग्ज नावाच्या सभासद होत्या. त्यांचे पती हेल बॉग्जही संसदेत होते. १९७२ मध्ये अलास्कात त्यांचे विमान नाहीसे झाले, ते आजतागायत सापडलेले नाही. त्यांच्या जागी लिंडीबाई निवडून आल्या. समितीपुढे मसुदा आला, त्यात बायकांचा उल्लेखच नव्हता. लिंडीबाईंनी भांडण काढले नाही. ‘स्त्री-पुरुष भेद किंवा वैवाहिक स्थिती’ असे शब्द स्वतःच्या हाताने कागदावर घातले, झेरॉक्स काढल्या आणि सगळ्यांपुढे ठेवल्या. वर गोड आवाजात म्हणाल्या, हे नजरचुकीने राहिले असणार. मग नाही कोण म्हणणार? आमच्यातल्या किती जणींनी सासरी अशीच कामे करून घेतली आहेत!

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच कायद्यात भर पडली. वर्ण, धर्म, वय यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. कुणाचे उत्पन्न सरकारी मदतीतून येते, एवढ्यावरून कर्ज नाकारता येणार नाही. म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या अर्जावरची ती रेघ तिथे बेकायदा ठरली.

ही मदत कोणती, तेही सांगायला हवे. नोकरीत असताना वर्गणी भरलेल्यांना अपंगत्व आले तर १९५७ पासून पेन्शन मिळू लागली. ज्यांना कधी कमावताच आले नाही, त्या गरीब अपंगांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी १९७२ साली दुसरी योजना मंजूर झाली आणि १९७४ च्या जानेवारीत सुरू झाली. या दुसऱ्या योजनेत २०२५ साली एकट्या माणसाला केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर मिळत. तिकडच्या महागाईत त्यात घरभाडे भागवणेही जड. तरी घराची आस सुटत नाही. भाड्याच्या घरात दार रुंद करायचे म्हटले तर मालकाची मर्जी, न्हाणीत धरायला दांडी लावायची तरी मालकाची मर्जी. १९८८ च्या कायद्याने भाडेकरूला असे फेरफार करू द्यावेत असे मालकांना बांधून घातले, पण खर्च बहुधा भाडेकरूचाच, आणि मालक सांगेल तर जाताना आतले काही बदल पूर्ववत करून द्यायचे. दुसऱ्याच्या घरावर पैसा घालायचा आणि तो मागे ठेवून जायचे.

म्हणून स्वतःचे घर, आणि त्यासाठी कर्ज. पण कायदा झाला तरी बँका हुशार. कारण नियमात एक फट होती. उत्पन्न पुढे किती दिवस चालेल, एवढे पाहायची मुभा बँकेला होती. मग तिने विचारायचे, तुमचे अपंगत्व अजून तीन वर्षे तरी राहील अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा. बघा, पुन्हा चिठ्ठी! आधी बाईने लिहून आणायचे की मूल होणार नाही, आता अपंगाने लिहून आणायचे की मी बरा होणार नाही. पगारदाराला मात्र कुणी विचारत नव्हते, की तुमची नोकरी तीन वर्षे टिकेल याची चिठ्ठी कुठे आहे. २०१२ मध्ये या मागणीवरून तिथल्या न्याय खात्याने एका बड्या बँकेला धरले आणि अर्जदारांना १००० ते ५००० डॉलर भरपाई देण्याचे ठरले. २०१४ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या सरकारी कचेरीने सगळ्याच बँकांना परिपत्रक काढून समज दिली.

चिठ्ठीपेक्षाही कठीण अडचण मात्र सरकारनेच उभी केलेली होती. कर्ज मिळायचे तर काही रक्कम आपल्या पदरची भरावी लागते. ती साठवायची कशी? या दुसऱ्या योजनेत माणसाजवळ २००० डॉलरच्या वर शिल्लक सापडली की मदत बंद. हा आकडा १९८९ पासून जागचा हललेला नाही. दोन अपंगांनी लग्न केले तर दोघांची मिळून मर्यादा ४००० नाही, ३०००! राहते घर मात्र त्या हिशेबात धरत नाहीत. घर असले तर चालते, घर घेण्यापुरते साठवले तर चालत नाही. बचत गटातल्या बायांना यातला विनोद समजावून सांगायला नको.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, गरिबांच्या घरभाड्यासाठी सरकार जे व्हाउचर देते, ते १९९८ च्या कायद्यानंतर घराच्या हप्त्यालाही वापरता येऊ लागले. इतरांना त्यासाठी पूर्णवेळ नोकरीची अट आणि वर्षांची मर्यादा, अपंगांना दोन्ही माफ. त्यांच्यासाठी किमान उत्पन्नाची अट त्या मदतीच्या वर्षभराच्या रकमेइतकीच ठेवली. पण ही सोय द्यायची की नाही हे प्रत्येक गावच्या गृहनिर्माण कचेरीवर सोडले, त्यामुळे एका गावात मिळते आणि शेजारच्या गावात नाही.

दुसरी वाट निघाली व्हर्जिनिया राज्यात, एका स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. अपंग मुलांचे पाच पालक बसून बोलत होते, की मुलाच्या नावावर चार पैसे टाकायचीही चोरी का. त्यातून मागणी झाली वेगळ्या बचत खात्याची, आणि २०१४ च्या डिसेंबरात कायदा झाला. त्या खात्यातली एक लाख डॉलरपर्यंतची शिल्लक आता मोजत नाहीत, आणि ती घरासाठी वापरता येते. त्या पालकांतले स्टीव्ह बेक कायदा पास व्हायच्या काही दिवस आधीच वारले. कायद्याला त्यांचे नाव आहे.

आता कर्जही मिळाले असे धरा. घर तरी आत जाता येण्याजोगे हवे ना? १९८८ च्या कायद्याने चार किंवा जास्त बिऱ्हाडांच्या नव्या इमारतींत रुंद दारे आणि हाताला येतील अशी बटणे सक्तीची केली. कर्ज काढून लोक घेतात ती बहुतेक सुटी घरे, ती त्यातून सुटली. अटलांटा शहरात एलिनॉर स्मिथ नावाच्या बाई होत्या, लहानपणी पोलिओ झालेल्या आणि चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या. त्यांनी १९८७ पासून एकच टुमणे लावले. सगळे घर नका बदलू, तीन गोष्टी करा. एका दाराला पायरी नको, दारे रुंद ठेवा, आणि तळमजल्यावर खुर्ची जाईल असा संडास द्या. बांधतानाच केले तर खर्च थोडा, मागून भिंती फोडायच्या तर डोंगराएवढा. १९९२ मध्ये अटलांटाने सरकारी मदतीच्या घरांसाठी तसा नियम केला.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या ३७ व्या कलमात घरांच्या सरकारी योजनांमध्ये ५ टक्के राखीव जागा आहेत, आणि त्यातही अपंग स्त्रियांना प्राधान्य लिहिले आहे. तुमच्या गावात या ५ टक्क्यांतले घरकुल कुणा बाईला मिळाले असेल, तर आम्हाला कळवा. तिच्या दाराला पायऱ्या किती आहेत, तेही मोजून सांगा.