फासेपारधी (धाराशिव जिल्हा)

फासेपारधी ही महाराष्ट्रातील एक आदिवासी जमात आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात आणि लगतच्या सोलापूर, बीड, लातूर या जिल्ह्यांत या समाजाची वस्ती आढळते. शिकार हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. ब्रिटिश काळातील कायद्याने या समाजाला जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा रद्द झाल्यानंतरही त्याचे परिणाम समाजाच्या जीवनावर दिसून येतात.

नाव व पोटविभाग

'पारध' म्हणजे शिकार. फास लावून शिकार करणारे ते फासेपारधी. लंगोटी पारधी, हरणशिकारी, चित्ता पारधी आणि जात्यांना टाकी लावणारे टाकणकार हे इतर पोटविभाग होत. पवार, चव्हाण, काळे, भोसले, शिंदे, सोळंके ही आडनावे समाजात प्रचलित आहेत. त्यांची बोली गुजरातीशी जवळीक असलेली आहे. ती घरात बोलली जाते आणि बाहेरच्या व्यवहारात मराठी वापरली जाते.

इतिहास

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारणेनंतर त्याची व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात पोहोचली. नोंद झालेल्या जमातींच्या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय ठरलेली हद्द सोडता येत नसे. काही कुटुंबांना कुंपण घातलेल्या वसाहतींत ठेवले जाई. सोलापूर येथे अशी वसाहत होती आणि तो भाग आजही 'सेटलमेंट' या नावाने ओळखला जातो. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतर राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. हे कायदे व्यक्तीला लागू होतात, जमातीला नव्हे. तरीही परिसरात चोरी झाल्यावर प्रथम पारधी वस्तीवर संशय घेतला जातो, ही समाजाची जुनी तक्रार आहे.

धर्म

देवी हे या समाजाचे मुख्य दैवत आहे. भवानी, कालिका, सप्तशृंगी अशा रूपांत तिची उपासना होते आणि कुळानुसार देवी वेगळी असते. भटक्या जीवनात स्थिर देवघर शक्य नसल्याने देवीचे चांदीचे टाक कापडी गाठोड्यात बांधून बरोबर नेण्याची रीत पडली. या गाठोड्याचे सोवळे कडक असते. सण व नवसाच्या प्रसंगी पशुबळी देण्याची प्रथा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींनुसार स्त्रिया पायात चांदीचे दागिने घालत नसत, तांबडे वस्त्र नेसत नसत आणि खाटेवर झोपत नसत. चांदी, तांबडा रंग आणि खाट ही देवीची मानली जात.

विवाह व जातपंचायत

एकाच कुळात विवाह होत नाही. वरपक्षाने वधूपित्याला 'देज' देण्याची पद्धत होती. विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या पुनर्विवाहाला समाजाची मान्यता आहे. वाद जातपंचायतीपुढे जात आणि ती दंड किंवा बहिष्काराची शिक्षा देई. खरेखोटेपणा पडताळण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढण्याचे दिव्यही करवले जाई. अशा निवाड्यांची सर्वाधिक झळ स्त्रियांना बसत असे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आहे.

दैनंदिन जीवन

तितर, लावे, ससे व हरणे पकडण्यासाठी घोड्याच्या केसांचे आणि तातीचे फास वापरले जात. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाण्याचे तंत्रही प्रसिद्ध होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही उपजीविका बेकायदेशीर ठरली. आज अनेक कुटुंबे शेतमजुरी, शेताची राखण, ऊसतोड व शेळीपालन करतात. काही कुटुंबे कामासाठी मोठ्या शहरांत स्थलांतर करतात. पालांची जागा बऱ्याच ठिकाणी झोपड्यांनी व पक्क्या घरांनी घेतली आहे. वस्त्या मात्र अनेकदा गावाबाहेर, गायरान जमिनीवर असतात. गायरानावरील ताबा हा गावकरी व पारधी यांच्यातील वादाचा वारंवार येणारा विषय आहे.

शिक्षण व सद्यःस्थिती

जुन्या कायद्याच्या कक्षेतून मुक्त झालेल्या अनेक जमाती महाराष्ट्रात 'विमुक्त जाती' या प्रवर्गात आहेत. पारधी मात्र अनुसूचित जमातींच्या यादीत मोडतात. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या भटकलेल्या कुटुंबांकडे अशी कागदपत्रे क्वचितच असतात. परिणामी शिष्यवृत्ती व घरकुलासारखे लाभ मिळण्यात अडचण येते.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ पासून भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानचा शैक्षणिक प्रकल्प चालतो. तेथे पारधी व इतर भटक्या समाजांतील मुले निवासी पद्धतीने शिकतात. या कामाशी निगडित असलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.