तांब्याची तार आणि सोलणावळ

तांबे मोडीत घालणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. फुटका हंडा तांबटाकडे न्यावा, त्याने तो तराजूत टाकावा आणि मोडीची किंमत वजा करून नवा द्यावा. या व्यवहारात हिशेबाची अडचण नव्हती, कारण हंड्याला साल नसते. तारेला असते. साल काढण्याचे श्रम तांब्याच्या किमतीतून भरून निघतात काय, हा प्रश्न विजेच्या युगाने आणला.

आरंभी तारायंत्र होते. १८४७ च्या सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्सने जमिनीखालच्या तारेवर गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक चढवला. १८५१ साली इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणारी समुद्रातली तारही त्याच चिकाने मढवली होती. पुढे घरोघरी दिवे आले, तेव्हा तारेवर रबर व त्यावर सुताची वीण आली. रबरातले गंधक तांब्याला खाते, म्हणून तारेला कथलाचा मुलामा देत. असली जुनी तार कितीही नीट सोला, ती पांढरीच निघते आणि शुद्ध तांब्याचा भाव तिला मिळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रबराची जागा पीव्हीसीने घेतली.

व्यापाराने प्रतवारी ठरवली. अमेरिकेत भंगार व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९१३ साली निघाली. सौदे तारेने होत आणि तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून एकेका मालाला एकेक छोटे नाव मिळाले. ‘बार्ली’ म्हणजे उघडी, लखलखीत, सुमारे १.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नसलेली तार. ‘बेरी’ म्हणजे स्वच्छ पण तितकी चकचकीत नसलेली. ‘बर्च’ म्हणजे सुमारे ९६ टक्के तांब्याची दुय्यम तार. ही नावे अजून चालतात.

आता हिशेब पाहू. किलोभर तार नमुना म्हणून सोलावी आणि तांबे तोलावे. समजा, ६५० ग्रॅम निघाले. सोललेल्या तांब्याचा भाव किलोला १०० धरला आणि सालीसकट तारेचा ५०, तर सोलल्याने ६५ मिळतील. म्हणजे वाढ १५ ची. सोलणावळ पंधरापेक्षा कमी पडली तर सोलावे, नाहीतर आहे तशी विकावी. जाड एकेरी तारेला पात्याची एक रेघ पुरते, साल हातभर लांब निघते. टेलिफोनच्या केबलीत मात्र केसासारख्या अनेक तारा, प्रत्येकीला वेगळी साल. तांबे थोडे आणि वेळ फार.

इथवरचा हिशेब कोणीही व्यापारी सांगेल. आम्हां कामगार संघटनेत वावरणाऱ्यांना त्यातला एकच आकडा खटकतो, तो सोलणावळीचा. श्रीमंत देशांत मजुरी महाग, म्हणून तिथे बारीक तार सोलणे परवडेना. ती जहाजांत भरून चीनच्या ग्वियूसारख्या गावी पोचली. तिथे आणि आपल्या देशातही पुष्कळ ठिकाणी लोकांनी सोलणावळ वाचवण्याचा उपाय काढला: तार जाळणे. पीव्हीसीत क्लोरीन असते. ते जळताना डायॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि खुद्द तांबेच त्या क्रियेला चालना देते. शिवाय जळकी तार काळवंडते, ठिसूळ होते आणि ‘बेरी’वरून ‘बर्च’वर उतरते. म्हणजे मालाचा भावही गेला आणि माणसाची छातीही. घातक कचऱ्याच्या वाहतुकीला आळा घालणारा बाझेल करार १९८९ साली झाला व १९९२ पासून अमलात आला. पण उघड्यावरचा जाळ करारानेच विझत नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे काम आहे आणि वेचणारी बाई कामगार आहे, हे तिने शहराकडून मान्य करून घेतले. त्यातला धडा तारेलाही लागू आहे. ज्याच्या वेळेला किंमत आहे, त्याच्या हातात पाते येते, यंत्र येते. ज्याच्या वेळेला किंमत नाही, त्याच्या हातात काडेपेटी येते.

म्हणून कोणती तार सोलण्याजोगी, याचे उत्तर तारेची जाडी अर्धेच देते. उरलेले अर्धे आपण माणसाच्या तासाला काय मोल देतो, त्यावर ठरते.